बीदरचे दरवाजे आणि आतले कैदी

बीदरच्या किल्ल्यात शहराच्या बाजूने शिरणारी वाट सरळ नाही. पहिल्या दरवाजातून आत आले की ती वळते, शर्झा दरवाजाशी अडते, पुन्हा उंच भिंतींच्या मधून पुढे सरकते आणि गुंबद दरवाजाच्या जाड कमानीखालून आतल्या पटांगणात उतरते. दोन्ही अंगांना पहाऱ्याच्या देवड्या आहेत. बाहेर जांभ्याच्या खडकात खोदलेला खंदक आहे. खोदताना मध्ये खडकाच्या दोन भिंती तशाच उभ्या ठेवल्यामुळे काही भागांत तो तिहेरी झाला. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने कलबुर्गीहून राजधानी इथे आणली आणि १४२९ ते १४३२ या काळात किल्ल्याचे मुख्य काम उरकले. शर्झा दरवाजावरचा लेख १५०३ चा, म्हणजे बराच नंतरचा आहे. नाव दरवाजावर कोरलेल्या वाघांवरून पडले.

अशी वाट शत्रूला अडवण्यासाठी बांधतात, पण ती दुसरेही काम करते. बाहेरच्याला आत येऊ न देणारा दरवाजा आतल्यालाही बाहेर जाऊ देत नाही. अरुंद वाटेत हजारांची फौज निरुपयोगी ठरते. एका वेळी चार-पाच माणसेच समोरासमोर येतात आणि निकाल देवडीवर बसलेल्या माणसाच्या हिमतीवर किंवा भोळेपणावर लागतो.  बीदर आणि कलबुर्गीच्या इतिहासात हे गणित अनेकदा प्रत्यक्ष मांडले गेले. कधी ते सुटले, बहुतेक वेळा चुकले आणि त्याची किंमत कैद्यांइतकीच पहारेकऱ्यांनीही मोजली.

बहमनी घराण्यात राजपुत्रांची कैद ही राज्यकारभाराची एक रीतच होती. १३४७ मध्ये राज्य स्थापन झाले, पण गादी कोणाकडे जावी याचा पक्का नियम कधी बसला नाही. थोरला मुलगा, कर्तबगार भाऊ, दरबारी सरदारांचा लाडका पुतण्या, यांपैकी कोणीही दावा सांगू शके. म्हणून जो जिंकेल तो बाकीच्यांना मारी, आंधळे करी किंवा कोंडून ठेवी. आंधळा राज्यावर बसू शकत नाही, हा त्यामागचा हिशेब. डोळस ठेवून कोंडलेला भाऊ मात्र पेटत्या काडीसारखा होता. त्याच्यापर्यंत कोणी पोहोचले की बंडाला राजा मिळत असे.

याची पहिली मोठी कहाणी कलबुर्गीच्या राजवाड्यातली, १३९७ सालची आहे. सुलतान गियासुद्दीन कोवळ्या वयात गादीवर आला. तघलचीन नावाच्या तुर्की गुलाम सरदाराला वजिरी हवी होती, ती मिळाली नाही. त्याने सुलतानाला मेजवानीला बोलावले आणि तिथेच त्याचे डोळे काढले. आंधळ्या गियासुद्दीनला सगर इथल्या किल्ल्यात पाठवून त्याच्या जागी शम्सुद्दीन या सावत्र भावाला बसवले. सगर आज यादगीर जिल्ह्यात आहे, तेव्हा तो कलबुर्गीचाच मुलूख होता. फिरोज आणि अहमद हे दोघे भाऊ कैदेतल्या सुलतानाचे मेव्हणे. त्यांच्या बायका गियासुद्दीनच्या बहिणी होत्या आणि भावाच्या सुडासाठी त्यांनी नवऱ्यांना गप्प बसू दिले नाही. दोघे सगरला पळाले, किल्लेदाराच्या मदतीने फौज जमवून कलबुर्गीवर आले आणि हरले.

उघड्या मैदानात जे जमले नाही ते त्यांनी दरबाराच्या दारात साधले. माफी मागून ते राजधानीत परतले, रोज मुजऱ्याला जाऊ लागले आणि आपली माणसे थोडी थोडी करून वाड्याच्या आसपास पेरू लागले. नोव्हेंबरमधल्या एका दिवशी फिरोजने तघलचीनला सांगितले की गावाकडचे काही नातेवाईक सुलतानाला भेटायला आले आहेत, त्यांना आत घ्यावे. अहमद त्यांना आणायला बाहेर गेला. हत्यारबंद माणसे पाहून द्वारपालांनी अडवले. अहमदने दारातच तलवार उपसली, पहारेकरी कापले आणि तो आत घुसला. बाहेर थांबलेल्यांनी त्याच क्षणी तघलचीनच्या माणसांना गाठले. शम्सुद्दीन आणि तघलचीन तळघरात लपले होते, तिथून त्यांना बाहेर काढले. फिरोज तख्तावर बसला. सगरहून आंधळ्या गियासुद्दीनला आणले, त्याच्या हाती तलवार दिली आणि बांधलेल्या तघलचीनला त्याने स्वतः कापले. पुढे गियासुद्दीन मक्केला गेला. शम्सुद्दीनला आंधळे करून बीदरच्या किल्ल्यात ठेवले गेले. बीदर तेव्हा अजून राजधानी नव्हते, पण कैद्यांसाठी त्याचा वापर सुरू झाला होता.

या साऱ्या कथांचा मुख्य आधार म्हणजे फरिश्ता. त्याने विजापूरच्या दरबारात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहास लिहिला, म्हणजे या घटनांनंतर दीडशे-दोनशे वर्षांनी. त्याचे आकडे सढळ असतात आणि दख्खनी विरुद्ध परदेशी या दरबारी वैरात त्याचा कल कुठे आहे हे लपत नाही. १४६० च्या बंडाबद्दल वाचताना ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते.

१४५८ मध्ये हुमायूनशहा गादीवर आला तोच दंगलीतून. बाप मरताच काही सरदारांनी धाकट्या हसनखानाला तख्तावर बसवले होते. हुमायून मूठभर स्वार घेऊन वाड्यात शिरला, भावाला तख्तावरून खाली खेचले आणि तुरुंगात टाकले. हसनच्या बाजूने उभा राहिलेला शाह हबीबुल्ला हाही कैद झाला. हबीबुल्ला हा किरमाणच्या शाह नियामतुल्ला या थोर सूफीच्या कुळातला. या घराण्याला बीदरात मोठा मान होता आणि हबीबुल्लाला मुरीद, म्हणजे शिष्यही पुष्कळ होते.

१४६० च्या सुरुवातीला हुमायून तेलंगणच्या मोहिमेवर होता. राजधानीत फौज विरळ होती. हबीबुल्लाच्या सात मुरीदांनी ही संधी हेरली आणि ते युसूफ तुर्क याच्याकडे गेले. युसूफ हा आधीच्या सुलतानाचा गुलाम, धर्मनिष्ठेबद्दल नावाजलेला. त्याच्यावर शंका घेणे कोणालाही जड गेले असते. फरिश्ता सांगतो की युसूफने बारा स्वार आणि पन्नास पायदळ बरोबर घेतले आणि दिवस मावळतीला लागल्यावर तो वाड्याच्या दरवाजाशी आला. पहारेकऱ्यांना त्याने सांगितले की सुलतानाचा हुकूम आहे, आतल्या अमुक कैद्यांचे डोळे काढायचे आहेत. हुकमाचा बनावट कागदही दाखवला.

या युक्तीतला धूर्तपणा पाहण्यासारखा आहे. सुटकेचा हुकूम घेऊन कोणी आले असते तर पहारा सावध झाला असता. हुमायूनच्या राज्यात सुटकेचे हुकूम दुर्मीळ. डोळे काढण्याचा हुकूम मात्र कोणालाही खरा वाटावा असाच होता. सुलतानाच्या क्रूरपणाची जी ख्याती होती तीच युसूफने चावीसारखी वापरली. पहिला दरवाजा उघडला.

दुसऱ्या दरवाजावरचा माणूस वेगळा निघाला. त्याने कोतवालाचा परवाना मागितला. शाही हुकूम असला तरी कोतवालाच्या परवान्याशिवाय आतल्या कैद्याला हात लावता येत नाही, हा त्याच्या कामाचा कायदा होता. त्याचे नाव इतिहासात नाही. त्या संध्याकाळी आपले काम चोख करणारा एवढा एकच माणूस नोंदीत दिसतो. युसूफने त्याला तिथेच कापले आणि माणसे आत धावली.

आधी हबीबुल्लाच्या बेड्या तुटल्या. हसनखान आणि इतर राजबंदी ओरडू लागले की आम्हालाही सोडवा, तेव्हा त्यांचीही दारे फुटली. मग बाकीचे. फरिश्ता सात हजार कैद्यांचा आकडा देतो. तो निम्म्याने कमी केला तरी त्या रात्री बीदरच्या तुरुंगात किती माणसे कोंडली होती याचा अंदाज येतो. त्यांच्याजवळ हत्यारे नव्हती. कोतवाल फौज घेऊन आला तेव्हा त्यांनी काठ्या आणि दगडांनी त्याला तोंड दिले आणि मागे रेटले. अंधारात जो तो आपापल्या वाटेने पांगला. राजघराण्यातला याह्याखान आणि ऐंशीच्या घरातले वृद्ध जलालखान बुखारी हे मात्र कोतवालाच्या हाती सापडून मारले गेले. हसन आणि हबीबुल्ला एका न्हाव्याच्या घरी लपले. तो पूर्वी हबीबुल्लाच्या चाकरीत होता. त्याने दोघांच्या डोक्या-दाढीवरचे केस उतरवले आणि फकिरांच्या वेषात त्यांना शहराबाहेर काढले. या बंडात सर्वांत मोठी जोखीम कोणी घेतली असेल तर ती या न्हाव्याने. पळून जायला त्याच्याजवळ ना घोडा होता, ना फौज.

बाहेर पडल्यावर बंडाची घडी विसकटली. काही हजार स्वार-पायदळ जमले, पण बीदरचा किल्ला घेणे जमले नाही. मंडळी बीडकडे गेली. हुमायून घाईने परतला. त्याची पहिली फौज हरली, दुसरीने बंडवाल्यांचा मोड केला. हसन आणि हबीबुल्ला विजयनगरच्या आश्रयाला निघाले होते. वाटेत विजापूरच्या सुभेदाराने, सिराजखान जुनैदीने, त्यांना आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतले आणि रात्री घेरले. हबीबुल्ला लढून मेला. हसनला बीदरला आणून वाघापुढे टाकले. मग पहाऱ्याचा हिशेब झाला. फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे शहराच्या रक्षणासाठी ठेवलेले दोन हजार शिपाई मारले गेले आणि कोतवालाला लोखंडी पिंजऱ्यात घालून त्याचा रोज एक अवयव तोडला.

हे वर्णन जसेच्या तसे घ्यायचे का, हा प्रश्न रास्त आहे. बहमनी राज्याचे इतिहासकार हारूनखान शेरवानी यांनी हुमायूनच्या क्रूरकथांत अतिशयोक्ती पुष्कळ आहे असे मत मांडले. तो गादीवर आला तेव्हापासून बंडे थांबलीच नव्हती आणि त्याच्याबद्दल लिहिणारे बरेचसे हरलेल्या पक्षाच्या बाजूचे होते. हे मान्य केले तरी तुरुंग फुटणे, कैद्यांनी कोतवालाशी लढणे आणि त्यानंतरची सुडाची लाट, हा सांगाडा पक्का दिसतो. हुमायून १४६१ मध्ये मेला. बीदरजवळ अष्टूरला त्याची कबर आहे. वीज पडून तिचा घुमट फाटला आणि उरलेला अर्धा भाग आजही उभा आहे.

मराठी मनात बीदर याच काळामुळे रुजले, पण वेगळ्या वाटेने. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ही मुळात बीदरला बांधून नेलेल्या माणसाची कथा आहे. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली, बादशहाचे शिपाई त्यांना घेऊन निघाले आणि पंत पोहोचण्याआधी विठू महाराच्या रूपाने विठ्ठलाने धान्याची किंमत दरबारात भरली. महाराष्ट्राच्या दुष्काळांच्या जुन्या नोंदींत १४६० चा दुष्काळ दामाजीपंतांच्याच नावाने ओळखला जातो, म्हणजे परंपरेच्या हिशेबाने तुरुंग फुटला तेही साल हेच. कान्होपात्राही मंगळवेढ्याची. बीदरच्या बादशहाचे शिपाई तिला न्यायला पंढरपूरला आले, तिने दर्शनाची मुदत मागितली आणि विठ्ठलाच्या पायांशी प्राण सोडला. राऊळाच्या दाराशी पहारा, आत एकटी बाई आणि मुदतीचे चार क्षण. या संतकथा इतिहासाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत. पण बीदरचे शिपाई दारात आले म्हणजे काय होते, हे भीमेकाठच्या लोकांना ठाऊक होते. तलवार नसलेल्याने त्या पहाऱ्याला कसे तोंड द्यावे, याचे उत्तर त्यांनी या कथांत घडवले.

हुमायूननंतर पंचवीस वर्षांत परिस्थिती उलटली आणि सुलतानच आपल्या किल्ल्यात अडकू लागला. नोव्हेंबर १४८७ मध्ये काही दख्खनी आणि हबशी सरदारांनी तरुण महमूदशहाला वाड्यातच मारण्याचा बेत केला. परदेशी सैनिक मदतीला येऊ नयेत म्हणून त्यांनी किल्ल्याचे दरवाजे आतून बंद करून घेतले. जवळच्या मूठभर तुर्कांनी अंगावर वार झेलत सुलतानाला बुरुजावर पोहोचवले. बाहेरचे लोक दोरांवरून तट चढून आले आणि मग शहरात तीन दिवस कत्तल चालली. महमूदशहा वाचला, पण सत्ता कासिम बरीद आणि पुढे त्याचा मुलगा अमीर बरीद यांच्या हाती गेली. १५१८ पर्यंत महमूदशहा नावापुरता सुलतान राहिला. मधे एकदा वऱ्हाडला इमादशहाकडे पळून गेला, पण शेवटी परत याच दरवाजांच्या आत आला.

त्याच्यानंतर बसवलेल्या चारही सुलतानांना राजवाडा हाच तुरुंग होता. त्यांतल्या अलाउद्दीनने प्रतिकार केला. अमीर बरीद नव्या चंद्राच्या मुबारकबादीला येणार होता. सुलतानाने शेजारच्या दालनात हत्यारबंद माणसे दबा धरून बसवली. अमीर बरीद दाराशी आला आणि आत लपलेल्यांपैकी एक जण शिंकला. पुढे चाललेल्या बाईच्या ते कानावर पडले, अमीर बरीद तिथूनच मागे फिरला, माणसे सापडली आणि सुलतानाची गादीही गेली आणि जीवही. त्याच्या मागून आलेल्या वलीउल्लाचाही शेवट कैदेतच झाला. सर्वांत शेवटचा कलीमुल्ला अधिक सावध निघाला. उत्तरेत बाबराचा जम बसल्याचे कळताच त्याने गुप्तपणे निरोप धाडला की मला सोडवा, वऱ्हाड आणि दौलताबाद देतो. बाबराकडून काही आले नाही. बातमी मात्र फुटली. तेव्हा कलीमुल्ला विजापूरला आणि तिथून अहमदनगरला निसटला आणि तिथेच वारला. त्याला पुरायला पुन्हा बीदरला आणले. अष्टूरला आधीच्या सुलतानांच्या भव्य घुमटांशेजारी त्याची इवलीशी कबर पाहिली की या घराण्याचा उतार नजरेत भरतो.

किल्ल्यात हजार कोठडी नावाचा भाग आहे. नावामुळे तो तुरुंग वाटतो. प्रत्यक्षात ती जमिनीखालच्या कमानदार खोल्यांची रांग आहे आणि तिथून निघणारी अरुंद चोरवाट खंदकाकडे जाते. वेढा पडला तर राजकुटुंबाला निसटता यावे, ही त्यामागची सोय. ज्यांच्यासाठी ती बांधली त्यांनाच पुढे दरवाजातला पहारा चुकवून पळावे लागले. अमीर बरीदवरही शेवटी कैद होण्याची वेळ आली. १५२९ मध्ये उदगीरच्या बाजूला तो आपल्या छावणीत दारूच्या नशेत झोपला असता विजापूरच्या माणसांनी त्याला पलंगासकट उचलून नेले आणि त्याचा जीव वाचवण्यासाठी मुलांना बीदरचा किल्ला शत्रूला द्यावा लागला.

१६५७ मध्ये औरंगजेबाने बीदर जिंकले, पुढे ते निजामाकडे गेले आणि राजबंद्यांचे दिवस सरले. तरी १८५८ मध्ये याच मुलखातल्या सुरपूरचा तरुण राजा व्यंकटप्पा नायक इंग्रजांविरुद्ध उठला आणि पकडला गेला. त्याची शिक्षा कमी होऊन शेवटी चार वर्षांची कैद ठरली. त्या कैदेसाठी नेत असताना सोबतच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून तो मेला. त्याने ती स्वतः झाडून घेतली की अपघात झाला, हे तेव्हाही ठरले नाही. १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर बीदर आणि कलबुर्गीला नव्या पद्धतीचे जिल्हा तुरुंग, दरोगा, जेलर आणि शिधापत्रक असलेला कारभार आला.

या तुरुंगांत १९३८ साली जे घडले ते आधीच्या पाचशे वर्षांत कधी घडले नव्हते. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सप्टेंबरमध्ये तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबर १९३८ ला गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला आणि त्यानंतर तुकड्या येतच राहिल्या. लवकरच स्वामी रामानंद तीर्थही पकडले गेले. ते मूळचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म सिंदगीचा, म्हणजे याच सीमाभागातले. आर्य समाजाने डिसेंबरमध्ये सोलापूरला परिषद भरवली आणि १९३९ च्या सुरुवातीपासून स्वतंत्र सत्याग्रह चालवला. सोलापूरहून रेल्वेने निघाले की निजामाच्या हद्दीतले पहिले मोठे ठाणे कलबुर्गी, म्हणून कितीतरी जथ्यांची अटक तिथेच झाली. सत्याग्रहाचे पहिले सर्वाधिकारी महात्मा नारायण स्वामी हेही कलबुर्गीलाच पकडले गेले.

पूर्वी कैदी दरवाजातून बाहेर पडायला धडपडत. आता माणसे रांगेने आत यायला तयार होती. पहारेकऱ्याला फसवायचे नव्हते, कापायचेही नव्हते. तुरुंग भरून टाकायचे, आत आल्यावर घोषणा थांबवायच्या नाहीत, संध्या आणि हवनाचा हक्क मागायचा, हीच लढाई होती. दंडुका चालवणाऱ्या शिपायापुढे अशा कैद्यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला, कारण सुटकेची लालूच त्यांना नव्हती. माफीनामा लिहून दिला की दार उघडत होते. बहुतेकांनी तो लिहिला नाही.

याची किंमत मोजावी लागली. उदगीरचे भाई श्यामलाल वकील होते आणि भाऊ बन्सीलाल यांच्यासह आर्य समाजाचे काम करीत. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातला तालुका, म्हणून त्यांचा तुरुंग बीदरचा. डिसेंबर १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. आर्य समाजाने त्यांना हुतात्मा मानले. सत्याग्रहाला जाणाऱ्या नव्या तुकड्यांत त्यांचे नाव घोषणांसारखे घुमू लागले. तिकडे हैदराबादच्या तुरुंगात रामचंद्रराव या तरुणाने फटके खाताना दर फटक्याला वंदे मातरम् म्हटले आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटले. कलबुर्गीच्या इंटरमिजिएट कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनीही वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी वर्गावर बहिष्कार घातला.

आर्य समाजाचा सत्याग्रह ऑगस्ट १९३९ मध्ये निजाम सरकारने काही सुधारणा जाहीर केल्यावर थांबला आणि कैदी सुटले. दुसरी फेरी १९४७ मध्ये सुरू झाली. हैदराबाद संस्थान भारतात सामील व्हावे या मागणीसाठी हजारो लोक पुन्हा आत गेले. या वेळी बाहेर निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा धुमाकूळ होता आणि बीदर जिल्ह्यातल्या खेड्यांत राहण्यापेक्षा तुरुंग सुरक्षित वाटावा अशी स्थिती होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, त्याच सुमारास स्वामी रामानंद तीर्थ सुटले आणि पाठोपाठ जिल्ह्याजिल्ह्यांतले राजकीय कैदी बाहेर आले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बीदर आणि कलबुर्गी म्हैसूर राज्यात गेले, तर बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मराठी बाजूला आले. श्यामलाल यांच्या नावाची शिक्षणसंस्था आज उदगीरला, म्हणजे महाराष्ट्रात आहे आणि ज्या गावच्या तुरुंगात ते गेले ते बीदर कर्नाटकात.